वैशाखाचे वेळापत्रक

महाराष्ट्राचा उन्हाळा एकच नाही. कोकणातला उन्हाळा घामाचा असतो, देशावरचा कोरडा पण रात्री थोडा सैलावणारा असतो, आणि विदर्भातला उन्हाळा झळांचा असतो. तो मार्चच्या अखेरीस दार ठोठावतो आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत हलत नाही. नागपूर, चंद्रपूर, अकोला, वर्धा ही नावे एप्रिल-मे महिन्यांत देशातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत वारंवार दिसतात. तरीही याच प्रदेशात उन्हाळा हा केवळ सोसण्याचा ऋतू मानला गेलेला नाही. मोहफुले, चारोळी, टेंभरे, टरबूज, कैरी, मोगरा, लग्नसराई, गच्चीवरची निजानीज, सुट्टीत भरलेले आजोळ, एवढा ऐवज ज्या ऋतूत साठलेला आहे, तो ऋतू तेथील माणसांनी मनापासून उपभोगला आहे. हा उपभोग त्यांना शक्य झाला तो उन्हाशी झुंज देऊन नव्हे, तर उन्हाच्या वेळा ओळखून आणि पाण्याच्या एका साध्या गुणधर्माचा अतिशय कुशलतेने वापर करून. उन्हाळ्यातील आनंद आणि उन्हाळ्यातील धोका या दोहोंचा उलगडा याच दोन गोष्टींतून होतो.

आधी सूर्याकडे पाहू. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान असलेल्या प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा नेमका डोक्यावर येतो आणि त्या दिवशी माध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गडप होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. मे महिन्यात हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो: कोल्हापूरला तो ६ मेच्या सुमारास, पुण्याला १३-१४ मेच्या, मुंबईला १५-१६ मेच्या आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास येतो. सूर्याने रोहिणी नक्षत्रात प्रवेश केल्यानंतरच्या ज्या नऊ दिवसांना विदर्भात नवतपा म्हणतात, ते दिवसही २५ मेच्या आसपास सुरू होतात, म्हणजे लोकांचे हे पंचांग निदान नागपूरच्या आकाशाशी चांगलेच जुळते. मुलांना उन्हाळ्याची ओळख करून देण्यासाठी या दिवसासारखे निमित्त नाही. अंगणात सरळ उभी केलेली एक बाटली आणि दोन मिनिटांचा वेळ एवढेच त्याला लागते. नागपुरात ही घटका दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या जवळपास येते आणि ती पाहून लगेच घरात परतता येते.

लगेच परतावे असे म्हणण्याचे कारण आहे. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा दिवसाचे कमाल तापमान गाठलेले नसते. जमीन उष्णता शोषत राहते आणि ती हवेला देत राहते. जोवर येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेहून अधिक असते, तोवर हवा तापतच जाते. म्हणून कमाल तापमान बाराला नव्हे, तर तीन-चारच्या सुमारास नोंदवले जाते. 'ऊन कलले' असे वाटून चार वाजता बाहेर पडणारा माणूस पुष्कळदा दिवसातील सर्वांत तापलेल्या हवेत पाऊल टाकत असतो.

वर्तमानपत्रात छापला जाणारा आकडा कशाचा असतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. वेधशाळेतील तापमापक उन्हात ठेवलेला नसतो. झडपांच्या, पांढऱ्या रंगाच्या, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरील पेटीत तो बंदिस्त असतो. या पेटीला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. तिच्यात हवा खेळते, पण ऊन शिरत नाही. म्हणजे चंद्रपूरला ४५ अंश सेल्सिअस नोंदवले गेले, याचा अर्थ सावलीत ४५ अंश. डांबरी रस्ता, पत्र्याचे छप्पर, दुचाकीचे आसन आणि रस्त्याच्या कडेने अनवाणी चालणाऱ्या मुलाचे तळवे यांना सोसावा लागणारा ताप त्याहून पुष्कळच अधिक असतो. चंद्रपूरने जून २००७ मध्ये ४९ अंशांचा आकडा पाहिला आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात तापमान किमान ४० अंशांवर गेले आणि ते त्या दिवसाच्या सरासरीहून साडेचार अंश किंवा त्याहून अधिक वाढले, तर ती उष्णतेची लाट ठरते. आणि तापमान ४५ अंशांवर पोहोचले, तर सरासरी काहीही असो, लाट मानली जाते. किनारपट्टीसाठी मात्र हा उंबरठा ३७ अंशांचाच आहे, आणि हा फरक का करावा लागला, याचे उत्तर हवामानात जितके आहे तितकेच मानवी शरीरात आहे.

मानवी शरीराच्या आतील तापमान सुमारे ३७ अंश असते आणि त्वचेचे त्याहून दोनएक अंश कमी. हवा त्वचेहून थंड असते, तेव्हा शरीराची उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा ४५ अंशांवर गेली की हा प्रवाह उलटतो, हवाच शरीराला तापवू लागते, आणि सुटकेचा एकच मार्ग उरतो: घाम. घाम आल्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने थंड होते. पाण्याची वाफ होताना ते आसपासची उष्णता शोषून घेते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. जो घाम टपटप गळून जमिनीवर पडतो, तो मात्र शरीराचे पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाही.

हीच क्रिया डोळ्यांनी पाहायची असेल, तर माठाकडे पाहावे. नवा माठ विकत आणल्यावर तो एक-दोन दिवस पाण्याने भरून ठेवतात, ते पाणी ओततात, मग तिवईवर किंवा ओल्या वाळूवर त्याला बसवतात. काही तासांत माठाचा पोटाकडचा भाग गडद दिसू लागतो, त्यावर बोट फिरवले की ओल लागते, आणि बुडाशी एखादा थेंब लोंबकळताना दिसतो. भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरलेले हे पाणी बाहेरच्या हवेत वाळते आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. माठाभोवती ओले फडके गुंडाळणारी गृहिणी वाळणारा पृष्ठभाग वाढवत असते. दोन-तीन उन्हाळे वापरलेला माठ पाणी पूर्वीइतके गार करीत नाही, कारण पाण्यातील क्षारांनी ती छिद्रे बुजलेली असतात. माठाला पाझर नसेल, तर माठ निव्वळ भांडे उरतो. त्वचेवरचा घाम वाळेनासा झाला, तर शरीराचेही तेच होते.

घाम किती वाळेल, हे हवेत आधीच किती बाष्प आहे यावर ठरते. हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञ ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक वापरतात. वाळणाऱ्या पाण्याने तो जितका खाली उतरतो, त्या आकड्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. चंद्रपूरला हवा ४५ अंश आणि आर्द्रता १० टक्के असेल, तर हे तापमान सुमारे २२ अंश येते. कोकणात हवा ३५ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ते सुमारे ३० अंश येते. कोरडी हवा अंगाची लाही करते, पण घाम वाळू देते. दमट हवेचा आकडा सौम्य दिसतो आणि ती घामाचा मार्गच अडवते. ओल्या फुग्याचे तापमान ३५ अंशांवर गेले, तर सावलीत, पंख्याखाली, नुसते बसलेले धडधाकट शरीरही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे शास्त्रज्ञ मानत आले आहेत, आणि प्रत्यक्ष चाचण्यांतून ही मर्यादा त्याहूनही खाली असल्याचे अलीकडे दिसून आले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर भर दुपारपर्यंत चाललेल्या एका विशाल कार्यक्रमानंतर दहाहून अधिक माणसे उष्माघाताने दगावली, तेव्हा जवळच्या केंद्रावरील तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भातील माणसाला जो आकडा एप्रिलमधला साधा दिवस वाटेल, तो खाडीकाठच्या हवेत, सावलीविना, तासन् तास बसलेल्या गर्दीला पेलला नाही. ही घटना महाराष्ट्राने विसरता कामा नये.

कोरड्या हवेच्या या एका उपकारावरच वैदर्भी घरांची सारी थंडाई उभी आहे. पूर्वी खिडक्यांना आणि दारांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी शिंपडत. वाळा म्हणजे एका गवताची सुगंधी मुळे, आणि त्यांतून गाळून आलेली झुळूक घरभर मातीसारखा, थोडा गोडसर गंध पसरवीत असे. आजचा कूलर हा त्याच ताटीचा विजेवर चालणारा वारस आहे. तो वापरताना मात्र दोन गोष्टींकडे हमखास दुर्लक्ष होते. पहिली अशी की, कूलर खोलीत बाष्प भरत असतो, त्यामुळे समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे नसेल, तर तासाभरात खोली दमट होते आणि गारवा संपतो. दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे: पाणी, पत्र्याची पेटी आणि वीज ही तिन्ही कूलरमध्ये एकत्र असतात, आणि दर उन्हाळ्यात विजेचा धक्का बसून माणसे, विशेषतः लहान मुले, दगावतात. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढून ठेवायला हवा. जोडणीला भूसंपर्क म्हणजे अर्थिंग आहे ना, हे ऋतूच्या सुरुवातीलाच तपासून घ्यायला हवे.

घामावाटे गेलेले भरून काढण्याची व्यवस्था मराठी स्वयंपाकघराने पिढ्यान् पिढ्या चोख ठेवली आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे असते. कैरी उकडून किंवा निखाऱ्यावर भाजून तिचा गर काढायचा, त्यात गूळ, मीठ आणि वेलदोडा घालून तो पाण्यात कालवायचा. ताकात मीठ आणि जिरेपूड, ज्वारीच्या किंवा नाचणीच्या आंबिलात मीठ आणि ताक, कोकणात आमसुलाच्या सरबतात साखर आणि सैंधव: पाणी, मीठ आणि थोडे गोड किंवा पिठूळ, हे सूत्र सर्वत्र दिसते. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने शोषले जातात आणि त्यांच्यापाठोपाठ पाणी शरीरात ओढले जाते, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या रुग्णांना मीठ आणि ग्लुकोजचे द्रावण पाजून असंख्य जीव वाचवले, ते याच तत्त्वावर. घरी असे द्रावण करायचे, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ एवढे प्रमाण पाळावे. येथे चमचा म्हणजे चहाचा चमचा, आणि मीठ अंदाजाने वाढवू नये. पन्हे हे औषध नव्हे, पण उन्हातून आलेल्या माणसाच्या हाती पन्ह्याचा पेला देणारी आजी जे करीत होती, ते अगदी योग्य होते. रस्त्यावरच्या उसाच्या रसाबद्दल एवढेच म्हणता येईल की, दोष रसाचा नसतो, बर्फाचा असतो. अशुद्ध पाण्याच्या बर्फातून कावीळ आणि जुलाब पसरतात, आणि जुलाब झालेल्या शरीराला ऊन दुप्पट बाधते.

आता वेळेकडे वळू. गडचिरोली आणि गोंदियाच्या जंगलात मोहाची फुले रात्री उशिरा आणि पहाटे गळतात, आणि ती वेचणाऱ्या बायका उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात. मे महिन्यातील तेंदूपत्त्याची तोडणीही अशीच पहाटेची. सकाळ चढेपर्यंत पाने तोडून घरी परतायचे, दुपार सावलीत बसून पुडे बांधण्यात घालवायची आणि ऊन उतरल्यावर ते संकलन केंद्रावर न्यायचे, असा क्रम असतो. दिवसाचे हे दोन तुकडे आणि त्यांच्या मधली सक्तीची विश्रांती म्हणजे उष्ण प्रदेशाने शोधलेले सर्वांत जुने संरक्षण होय. ताडोब्याच्या अरण्यात वाघही हेच करतो. दुपारी तो पाणवठ्यात मागचे अंग बुडवून बसतो. उन्हाळ्यात पाणवठे मोजके उरतात आणि झाडोरा विरळ होतो, त्यामुळे वन्यप्राणी दिसण्याची शक्यता याच दिवसांत सर्वाधिक असते, आणि वैशाखातील बुद्धपौर्णिमेची रात्र मचाणावर बसून काढण्यासाठी निसर्गप्रेमी वर्षभर वाट पाहतात.

घरातल्या उन्हाळ्याचेही असेच वेळापत्रक असते. पापड, कुरडया, सांडगे, वेफर्स यांच्या वाळवणाला तेच ऊन लागते ज्यापासून माणसाने दूर राहायचे असते. म्हणून जाणत्या बायका कुरडयांचा चीक भल्या पहाटे शिजवतात, सातच्या आत गच्चीवर घालून मोकळ्या होतात आणि दुपारची राखण जिन्याच्या सावलीतून करतात. संध्याकाळी अंगणात सडा पडतो, मोगऱ्याच्या कळ्या उमलू लागतात, आणि रात्री गच्चीवर पाणी मारून गाद्या पसरल्या जातात. ही निजानीज नुसती गंमत नाही. दिवसभर तापलेल्या शरीराला सावरण्यासाठी रात्रीचा गारवा आवश्यक असतो. सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब दिवसाची उष्णता साठवून रात्रभर सोडत राहतात, त्यामुळे दाटीवाटीच्या वस्तीत, एका खिडकीच्या खोलीत झोपणाऱ्या वृद्ध माणसाला लाटेच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी जो त्रास होतो, तो बऱ्याचदा रात्रींनी साचवलेला असतो.

ज्यांना जमेल ते डोंगर गाठतात. उंची हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, आणि सुमारे १,१०० मीटर उंचीवरील चिखलदरा अमरावतीहून सुखद वाटते ते त्यामुळेच. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीला मुक्काम हलवीत असे. सुट्टीतल्या प्रवासात बंद मोटारीत मुलाला 'दोन मिनिटांसाठी' ठेवून जाणे मात्र प्राणघातक ठरू शकते, कारण उन्हातल्या मोटारीतील हवा दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढते. विहिरीत, खदानीत, नदीच्या डोहात पोहायला उतरणाऱ्या मुलांसोबत पोहता येणारा मोठा माणूस असलाच पाहिजे. उन्हाळी सुट्टीतील बुडून होणारे मृत्यू उन्हाच्या हिशेबात धरले जात नाहीत, पण ते त्याच ऋतूचे असतात.

शरीर उन्हाला सरावते, ही या सगळ्यातली दिलासा देणारी बाब आहे. रोज थोडा वेळ उष्णतेत काम केल्यास एक ते दोन आठवड्यांत घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातील मिठाचे प्रमाण घटते आणि हृदयावरचा ताण कमी होतो. म्हणूनच मार्च-एप्रिलमधली पहिली लाट मेमधल्या तेवढ्याच तापमानाच्या लाटेहून अधिक घातक ठरू शकते, आणि म्हणूनच लग्नासाठी पुण्या-मुंबईहून, थंड देशातून किंवा वातानुकूलित कचेरीतून थेट नागपूरला उतरलेल्या पाहुण्याने वरातीत पहिल्याच दुपारी नाचू नये.

डोके दुखणे, मळमळ, चक्कर, पायांत गोळे येणे आणि भरपूर घाम ही उष्णतेच्या थकव्याची लक्षणे आहेत. सावली, विश्रांती आणि मिठा-साखरेचे पाणी यांनी माणूस सावरतो. उष्माघात वेगळा. त्यात शरीराचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि मेंदू गडबडतो: माणूस बरळतो, ओळख विसरतो, झोकांड्या खातो, झटके येतात, शुद्ध हरपते. त्वचा कोरडी पडलीच पाहिजे असे नाही. शेतात किंवा बांधकामावर राबताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने ओलेही असू शकते. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत एक क्षणही वाया घालवू नये: सावलीत निजवून कपडे सैल करावेत, अंगावर गार पाणी ओतत राहावे, जोराने वारा घालावा, मानेवर, काखेत आणि जांघेत बर्फाच्या किंवा ओल्या कापडाच्या घड्या ठेवाव्यात. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, कारण ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी येथे निरुपयोगी आहे, कारण हा ताप जंतूंनी आणलेला नसतो. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, ही समजूत घरोघरी आहे; कांद्यात तसा गुण असल्याचा पुरावा नाही, पण कांदा आठवणारी माणसे डोक्याला दुपट्टा बांधायलाही विसरत नाहीत, हेच काय ते त्या समजुतीचे पुण्य.

वृद्ध, तान्ही बाळे, गर्भवती, हृदयाचे आणि मूत्रपिंडाचे रुग्ण, तसेच लघवी वाढवणारी किंवा मानसिक आजारांवरची काही औषधे घेणारे यांना धोका अधिक असतो. पण सर्वाधिक अन्याय होतो तो ज्यांची वेळ त्यांच्या हातात नाही त्यांच्यावर. दुपारी बारा ते चार घरात राहावे, हा सल्ला बांधकामावरची मजूर बाई, चौकातला वाहतूक पोलीस, वीटभट्टीवरचे कुटुंब आणि घरपोच जेवण पोचवणारा तरुण कसा पाळणार? मे २०१० मधील लाटेत अहमदाबादेत एकट्या त्या महिन्यात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू अधिक झाल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले, आणि त्यातून २०१३ मध्ये त्या शहराने दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा तयार केला. आगाऊ इशारे, रुग्णालयांची तयारी, पिण्याच्या पाण्याची सोय, अशी त्याची कलमे होती; झोपड्यांच्या छपरांना पांढरा रंग हे कलम त्यात नंतर आले. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तोच मार्ग धरला. पत्र्याला चुन्याचा हात दिला की छप्पर कमी तापते, याला फार खर्च लागत नाही. कामाच्या वेळा पहाटे आणि संध्याकाळी वाटून देणे याला तर खर्च जवळजवळ नसतोच, लागते ती मालकाची आणि ठेकेदाराची तयारी.

महाराष्ट्रात अक्षय्यतृतीयेला पाण्याने भरलेला मातीचा कुंभ दान देण्याची चाल आहे, आणि खानदेशात आखाजीला घागर पुजली जाते. पाणपोई घालणे हे त्या दानाचेच रस्त्यावर आलेले रूप. कडुनिंबाखाली वाळूवर बसवलेले दोन रांजण, त्यांना गुंडाळलेले ओले तरट, लांब दांड्याचा ओगराळा, आणि येणाऱ्याच्या ओंजळीत पाणी ओतणारे कोणीतरी, एवढीच तिची मांडणी असते. सकाळी आठला भरलेले रांजण बाजाराच्या दिवशी दुपारी दोनच्या आतच तळ गाठतात. नेमके त्याच वेळी सर्वांत तहानलेली माणसे तेथे पोहोचत असतात, आणि म्हणून पाणपोई चालवणारी जुनी मंडळी दुसरी भरणी बाराच्या आधी उरकून घेतात.